हॅलो, ऐकू येते का?

मुलाखत हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीतून आला, आणि आला तो चांगल्या घराण्यातून आला. मुलाकात म्हणजे भेट. दोन तोलामोलाची माणसे एकमेकांना भेटत, पानसुपारी होई, अत्तरगुलाब होई, एकमेकांच्या प्रकृतीची चौकशी होई आणि मग कामाचे बोलणे निघे. पुढे केव्हातरी त्यातल्या एकाने खुर्ची पटकावली आणि समोरच्याला 'बसा' म्हणावे की न म्हणावे याचा तो विचार करू लागला. त्या दिवसापासून या शब्दाचा घसारा सुरू झाला. (आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. घसारा हा आमचा आवडता शब्द. पुस्तकी किंमत शून्य झाली तरी वस्तू टेबलावर तशीच असते, हे आम्हाला बँकेतल्या पंख्यांकडे पाहून रोज पटते.)

समोरच्याची किंमत करताना मुलाखत घेणारा चुकला म्हणजे काय होते, याचे सर्वांत मोठे उदाहरण १२ मे १६६६ रोजी आग्र्यात घडले. औरंगजेबाने शिवाजी महाराजांना पाच हजारी मनसबदारांच्या रांगेत उभे केले. महाराजांनी भर दरबारात आपली नापसंती दाखवली आणि पुढे तीन महिन्यांनी पहाऱ्यातून ते निघून गेले. बादशहाला ही चूक उरलेली चाळीस वर्षे पुरली. तुमच्या-आमच्या नशिबी एवढे बाणेदारपण कुठले! आमच्या नशिबी 'आपणांस यथावकाश कळविण्यात येईल' हे वाक्य, आणि त्यातला तो 'यथावकाश'.

नोकरी देण्यापूर्वी माणसाची परीक्षा घ्यावी ही कल्पना इंग्रजांना तशी उशिराच सुचली. १८५५ पर्यंत कंपनी सरकारची मोठी नोकरी ही संचालकांच्या ओळखीवर मिळे. (हे वाचून ज्यांना फार जुने वाटले नाही त्यांनी आपापल्या ओळखीचे संचालक आठवावेत.) १८५५ साली लंडनला स्पर्धा परीक्षा सुरू झाली. १८६३ साली सत्येंद्रनाथ ठाकूर हे तीत उत्तीर्ण होणारे पहिले भारतीय. त्यांना नेमणूक मिळाली ती आपल्या मुंबई इलाख्यात. म्हणजे रवींद्रनाथांचे थोरले बंधू साताऱ्याला न्यायाधीश होते, ही गोष्ट आपल्याला शाळेत कोणी सांगत नाही.

पण खरी गंमत होती ती घोड्याची. या परीक्षेत ग्रीक, लॅटिन, गणित, कायदा सगळे झाल्यावर शेवटी घोडेस्वारीची परीक्षा असे. अरविंद घोष १८९० साली लेखी परीक्षेत वरच्या क्रमांकाने पास झाले आणि पुढे घोड्याशी अडले. त्या परीक्षेला ते वेळेवर गेलेच नाहीत, आणि त्यांना नोकरी नाकारण्यात आली. ते मुद्दामच गेले नाहीत असेही सांगतात. इंग्रजांनी एक कलेक्टर वाचवला आणि एक क्रांतिकारक पदरात पाडून घेतला. त्या काळी कलेक्टरला घोडा लागे हे खरे. पण परीक्षेतला घोडा कामावरच्या घोड्यापेक्षा नेहमीच जास्त लाथाळ असतो. हा घोडा वाचकांनी जरा लक्षात ठेवावा. तो आपल्याला पुढे भेटणार आहे.

आमच्या बिरादरीतल्या माणसाचे नाव घ्यायचे तर चिंतामणराव देशमुखांचे घेतले पाहिजे. महाडजवळच्या नाते गावचे. १९१८ साली ते या परीक्षेत पहिले आले, आणि नोकरीला कुठे? तर आमच्या मध्य प्रांतात! भंडारा तेव्हा मध्य प्रांतात होता, त्यामुळे आम्ही त्यांना 'आपलेच साहेब' समजतो. १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. नोटेवर सही करणारा माणूस आणि नोटा मोजणारा माणूस यांत अंतर असते हे मान्य, पण खाते एकच.

नोकरीच्या परीक्षेत वाटेल ते विचारण्याची प्रथा मात्र अमेरिकेची. १९२१ साली थॉमस एडिसन या विजेच्या दिव्यावाल्या गृहस्थाने आपल्याकडे नोकरी मागायला येणाऱ्यांसाठी सुमारे दीडशे प्रश्नांची यादी केली. फ्रान्सच्या सीमेला कोणते देश लागतात? व्होल्गा नदी कुठे आहे? सुके प्लम कुठून येतात? पदवीधर पोरे धडाधड नापास झाली, आणि कॉलेजात शिकलेल्यांना काही येत नाही, असे एडिसनसाहेबांनी जाहीर केले. त्याच सुमारास आइन्स्टाइन अमेरिकेच्या दौऱ्यावर होते. वार्ताहरांनी त्यांना यादीतला एक प्रश्न टाकला: ध्वनीचा वेग किती? आइन्स्टाइन म्हणाले की, पुस्तकात सहज सापडते ते मी डोक्यात बाळगत नाही. झाले! वर्तमानपत्रांत बातमी आली की आइन्स्टाइन एडिसनच्या परीक्षेत नापास. आमच्या बँकेच्या परीक्षेला बसते तर सामान्य ज्ञानातच गेले असते बिचारे.

मी बँकेच्या परीक्षेला बसलो तेव्हा लेखीनंतर तोंडी मुलाखत असे. तीन साहेब होते. पहिल्याने विचारले, "भंडारा कशासाठी प्रसिद्ध आहे?" मी म्हणालो, "पितळेची भांडी, तांदूळ आणि तलाव." दुसऱ्याने विचारले, "आणखी?" मी म्हणालो, "वरठीचे रेल्वे स्टेशन." "त्यात प्रसिद्ध काय?" "साहेब, त्याचे नाव भंडारा रोड आहे, म्हणजे स्टेशन आलं तरी भंडारा यायचाच असतो." तिसरे साहेब हसले. मला अजूनही वाटते की मला नोकरी त्या हसण्यावर मिळाली. समोर बसलेला माणूस हसला की सुस्कारला, हे निदान दिसत तरी होते. २०१६ पासून केंद्र सरकारने कनिष्ठ पदांच्या मुलाखतीच बंद केल्या. वशिल्याला वाव राहू नये म्हणून केल्या, आणि बरेच केले. पण वरठीचा विनोद ज्याच्या संग्रही आहे त्या उमेदवाराने आता काय करावे?

आता टेलिफोनकडे वळू. १० मार्च १८७६ रोजी बोस्टनमध्ये अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलने तारेतून आपल्या मदतनिसाला, वॉटसनला, हाक मारून बोलावले आणि वॉटसन शेजारच्या खोलीतून धावत आला. टेलिफोनवरून कर्मचाऱ्याला साहेबाने बोलावण्याचा हा जगातला पहिला प्रसंग. त्यानंतर कर्मचारी धावतच आहेत. २८ जानेवारी १८८२ रोजी कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे आपली पहिली टेलिफोन केंद्रे उघडली. कलकत्त्याच्या केंद्राचे तेव्हा ९३ ग्राहक होते. ते ९३ जण एकमेकांशी काय बोलत असतील याचे मला कुतूहल आहे. बहुधा "ऐकू येते का?" एवढेच.

कारण त्यापुढची शंभर वर्षे आपला देश टेलिफोनवर मुख्यतः हेच वाक्य बोलत होता. माझ्या वडिलांच्या काळी नागपूरला बोलायचे म्हणजे ट्रंक कॉल नोंदवून बसावे लागे. साधा, अर्जंट आणि लायटनिंग असे त्याचे वर्ण होते. लायटनिंगचा दर ऐकूनच वीज अंगावर पडे. विशिष्ट माणसालाच बोलवायचे तर त्याचा आकार निराळा. तीन मिनिटे झाली की मधेच एक बाई येऊन विचारीत, "वाढवायचे का?" आणि त्या क्षणापर्यंत फक्त "ऐकू येते का" आणि "हो, तुला येते का" एवढेच झालेले असे. देशातली पहिली थेट डायल सेवा १९६० साली कानपूर-लखनौ दरम्यान सुरू झाली. ती आमच्याकडे येईपर्यंत वैनगंगेतून बरेच पाणी गेले. १९८१ साली पुण्यात सात जणांनी दहा हजार रुपये भांडवलावर इन्फोसिस काढली, आणि तिला फोनची जोडणी मिळायला वर्षभर थांबावे लागले, असे नारायण मूर्ती सांगत आले आहेत. जगाला संगणकाचे कार्यक्रम लिहून देणारी कंपनी, आणि तिला निरोप द्यायचा तर शेजारी जा!

त्याच मूर्तींच्या पत्नी सुधाताई यांची नोकरीची गोष्ट तर आणखी जुन्या तंत्राची. १९७४ साली बंगलोरला शिकत असताना त्यांनी टेल्कोची जाहिरात वाचली. स्त्रियांनी अर्ज करू नये, असे तीत छापले होते. त्यांनी जे. आर. डी. टाटांना एक पोस्टकार्ड टाकले आणि हा अन्याय आहे असे सरळ लिहिले. उत्तर तारेने आले: पुण्याला मुलाखतीला या, प्रवासखर्च कंपनी देईल. पोस्टकार्डाने अर्ज, तारेने बोलावणे आणि समोरासमोर प्रश्नोत्तरे. त्या मुलाखतीत पास होऊन त्या टेल्कोच्या कारखान्यातल्या पहिल्या महिला अभियंता झाल्या. कुठेही 'हॅलो, हॅलो' नाही.

फोनवर मुलाखत घ्यायची युक्ती आपल्याकडे रुजली ती १९९०च्या दशकात, आणि तिचे श्रेय दोन शून्यांना आहे. जुन्या संगणकांत जागा वाचवण्यासाठी सालाचे दोनच आकडे ठेवत. आम्हीही लेजरात '९७, '९८ असेच लिहीत असू, पण त्याला कोणी जागतिक संकट म्हटले नाही. २००० साल उजाडले की यंत्राला ते १९०० वाटेल या भीतीने अमेरिकेला एकाएकी हजारो माणसे हवी झाली, तीही कोबोल ही जुनी भाषा जाणणारी. तिथे जाण्याच्या एच-१बी परवान्यांची मर्यादा वर्षाला ६५,००० होती, ती १९९९ साली १,१५,००० आणि २००१ साली १,९५,००० झाली. एवढ्या लोकांना भेटायला कोण साहेब येणार? त्यांच्या दुपारी बारा वाजता म्हणजे आपल्या रात्री साडेदहाला फोन येई. पुण्या-मुंबईची पोरे इस्त्रीचा शर्ट घालून फोनपाशी बसत. फोनला शर्ट दिसत नाही, पण आई दिसते ना!

याच काळात दुसरी एक विद्या भरभराटीला आली. फोनवर उत्तरे द्यायला एक हुशार मित्र, आणि कामावर हजर व्हायला दुसराच. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया निघाला तेव्हा पेशवाईला त्याची किती चौकशी करावी लागली! भाऊंना ओळखणारी माणसे जिवंत होती तरी वर्षानुवर्षे गोंधळ चालला. मग ज्याचा नुसता आवाज ऐकला त्याची काय कथा! पुढे कंपन्या शहाण्या झाल्या आणि चेहरा दाखवणारी मुलाखत आली. तरी पहिली चाळणी म्हणून फोन राहिलाच.

आमच्या बँकवाल्यांनी या संगणकाशी कसे वैर धरले होते, ते जुने सहकारी अजून रंगवून सांगतात. १९८३ साली संघटनांशी करार झाला, १९८४ साली रंगराजन समितीचा अहवाल आला, आणि मग एकेका शाखेत ते लेजर पोस्टिंग मशीन अवतरले. यंत्र आमची पोटे मारणार, अशा घोषणा फाटकावर होत. घोषणा देताना ज्यांचा आवाज सर्वांत खणखणीत होता, त्यांतल्या दोघांची मुले आज बंगलोरला त्याच यंत्रावर पोट भरतात आणि वडिलांना नवा मोबाईल पाठवतात. मी त्यांना हसत नाही. १९८३ साली त्यांना जे दिसत होते ते खोटे नव्हते. माझ्या शाखेत एके काळी जितक्या खुर्च्या होत्या, त्यांच्या निम्म्यावर आज माणसे आहेत. उरलेल्या खुर्च्यांवर प्रिंटरचे कागद बसतात.

तर सांगायचे म्हणजे आमचे भाचे. बहिणीचे गाव साकोलीच्या पलीकडे, जंगलाच्या काठाला. भाऊजी धानाचे शेतकरी. मुलगा हुशार निघाला, नागपूरला संगणकाचा इंजिनिअर झाला. शैक्षणिक कर्ज आमच्याच शाखेतून. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, वडील सहकर्जदार, आणि शिक्षण संपल्यावर वर्षभराने हप्ता सुरू. ते वर्ष संपायला तीन महिने उरले होते. माझ्या टेबलावरच्या पडद्यावर ते खाते रोज दिसते असे नाही, पण मी रोज पाहत होतो. व्याज मात्र कोणाचा भाचा आहे हे पाहत नाही.

आणि एके दिवशी त्याचा फोन आला. "मामाजी, तुमच्या घरी येऊ काय जी? गुरुवारी चार वाजता एका कंपनीचा इंटरव्ह्यू आहे, फोनवर. आमच्या इथं टॉवर पकडत नाही."

भाऊजीही बरोबर आले. रोवणीचे दिवस, शेतावर माणसे लावलेली, तरी आले. फोनवर नोकरी देतात ही गोष्ट त्यांच्या पचनी पडत नव्हती. "म्हणजे तोंड नाही पायत? बैल घेतांनी बी आपण दात पायतो, बाप्पा. चालवून पायतो. आन् हे लोकं नुसतं हंबरनं आयकून घेतेत?"

आमच्या घरात सर्वांत चांगला सिग्नल गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या डाव्या अंगाला, दीड हात जागेत. तिथे स्टूल, स्टुलावर लॅपटॉप, वर छत्री. पावसाचा भरवसा नाही आणि विजेचा त्याहून नाही. लॅपटॉपवर एक कोरे पान उघडायचे, भाच्याने इकडे अक्षर टाईप केले की ते तिकडे साहेबांना दिसते. खोडले तेही दिसते. परीक्षकाने खांद्यावरून वाकून आपला पेपर पाहणे हा विद्यार्थिदशेतला सर्वांत वाईट अनुभव. तो आता हजार किलोमीटरवरून घेता येतो.

माझ्याकडे जिन्याचा पहारा होता. बायकोला कुकर लावायचा नाही अशी ताकीद. आईला मोठ्याने हरिपाठ म्हणायचा नाही अशी विनंती. शेजारच्या कुत्र्याला दोन पोळ्या. चार वाजले. फोन आला नाही. सव्वाचारला भाचा म्हणाला, "विसरले असतीन." साडेचारला फोन वाजला, आणि नेमका त्याच क्षणी गल्लीच्या तोंडाशी भंगारवाल्याचा कर्णा सुरू झाला. "भंगार, लोखंड, प्लास्टिक, जुने टीव्ही..."

मी धावत खाली गेलो. अर्धा तास कर्णा बंद ठेव, म्हणालो. तो म्हणाला, "साहेब, धंद्याचा टाईम आहे. काही द्या, पुढं जातो." आईचे पितळी गुंड त्याच्या डोळ्यांत भरले होते, पण भंडाऱ्यात राहून पितळ भंगारात देणारी बाई अजून जन्मायची आहे. शेवटी माळ्यावरचा जुना लाल टेलिफोन काढून दिला. कधीकाळी या फोनसाठी वडिलांनी नंबर लावून वर्षे मोजली होती, आणि तो आला त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले होते. भंगारवाल्याने हातात तोलून आठ रुपये दिले. कर्णा बंद करून तो पुढे गेला.

मी वर आलो तेव्हा मुलाखत रंगात होती. पलीकडे एक बाई होत्या, आवाजावरून वयाने भाच्याहून फार तर पाच-सहा वर्षांनी मोठ्या. प्रश्न असा होता: क्रमाने लावलेल्या आकड्यांच्या लांबलचक यादीतून एक आकडा लवकरात लवकर कसा शोधशील? मला एकदम माहेर भेटल्यासारखे झाले. अहो, हे तर आमचे लेजर! नावे अकारविल्हे आहेत, 'मेश्राम' शोधायचे आहे. पहिल्या पानापासून चाळणारा कारकून दुपारपर्यंत पोचत नाही. शहाणा माणूस लेजर मधोमध उघडतो. 'प' आला, म्हणजे मेश्राम पलीकडे. पलीकडच्या अर्ध्याचा पुन्हा मध्य. हजार पानांत दहा वेळा उघडले की काम फत्ते, दहा लाखांत वीस वेळा. हे मी खुणेने भाच्याला सांगू पाहत होतो, पण त्याने माझ्याकडे पाठ केली.

वाटते तितका हा प्रश्न सोपा नाही, हे मला भाच्याने नंतर सांगितले. ही युक्ती १९४६ साली पहिल्यांदा छापली गेली, पण कोणत्याही लांबीच्या यादीला चालेल अशी बिनचूक मांडणी छापून यायला साठचे दशक उजाडले. अमेरिकेतले जॉन बेंटली हे मोठे जाणकार. त्यांनी कसलेल्या लोकांना ही युक्ती लिहायला सांगितली, हवा तितका वेळ दिला, तरी दहांतल्या नऊ जणांच्या लिखाणात चूक सापडली, असे त्यांनी १९८०च्या दशकात नोंदवले. आणि कहर म्हणजे २००६ साली जोशुआ ब्लॉक यांनी दाखवून दिले की बेंटलींच्या स्वतःच्या मांडणीतही एक चूक होती, आणि ती जावा भाषेत नऊ वर्षे सुखाने नांदत होती. चूक काय? तर मध्य काढताना पहिले पान आणि शेवटचे पान यांची बेरीज करायची नि दोनाने भागायचे. यादी फार मोठी असली की बेरीज २,१४,७४,८३,६४७ च्या पलीकडे जाते आणि यंत्राच्या रकान्यात मावत नाही. आमच्याकडे बेरीज रकान्यात मावली नाही तर कारकून शेजारी बारीक अक्षरात लिहितो. यंत्र ती सरळ उणे करून टाकते. जे जाणकारांना साठ वर्षे नीट जमले नाही, ते आमच्या भाच्याने टाकीला टेकून, छत्रीखाली, पंधरा मिनिटांत करायचे होते.

इथे मला अरविंदबाबूंचा घोडा आठवला. कामावर रुजू झाल्यावर ही युक्ती कोणी हाताने लिहीत नाही. ती तयार मिळते. २०१५ साली मॅक्स हॉवेल या गृहस्थाने जाहीर केले की, आपण केलेले 'होमब्रू' हे साधन गूगलचे पुष्कळ अभियंते वापरतात, पण फळ्यावर एक झाड उलटे करून दाखवता आले नाही म्हणून त्याच गूगलने आपल्याला नाकारले. (हे झाड आकड्यांचे असते. मीही आधी दचकलो होतो.) कोड्यांच्या प्रश्नांचा माणूस निवडायला काही उपयोग नाही, असे गूगलच्याच मनुष्यबळ प्रमुखांनी २०१३ साली सांगून टाकले होते. घोडा बदलतो, रिकीब तीच.

तेवढ्यात वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर तगला, पण घरातले इंटरनेट गेले आणि ते कोरे पान जागच्या जागी गोठले. फोन मात्र चालू होता. भाच्याने एक श्वास घेतला आणि इंग्रजीत म्हणाला की आमच्याकडे लाईट गेली आहे, मी उरलेले तोंडी सांगू का? बाई म्हणाल्या, सांग. मग त्याने डोळे मिटून ओळीमागून ओळ सांगितली. मला त्यातले एक अक्षर कळले नाही, पण वेग कळला. आमचे जुने हेडकॅशिअर डोळे मिटून बेरीज सांगत, तसा. मध्य कसा काढायचा ते सांगताना तो थांबला आणि म्हणाला की बेरीज मोठी होऊन फुटू शकते, म्हणून मी आधी वजाबाकी करतो, तिचे अर्धे करतो आणि ते पहिल्यात मिळवतो. पलीकडे काही क्षण शांतता पसरली. समोर असत्या तर बाई हसल्या की कपाळाला आठ्या पडल्या हे दिसले असते. फोनवर शांतता ही फक्त शांतता असते. भाऊजींनी जिन्यात बसल्या बसल्या टोपी काढून पुन्हा घातली.

"हॅलो, ऐकू येते का?" भाच्याने इंग्रजीतून विचारले.

"येते," बाई म्हणाल्या, "मी लिहून घेत होते."

उत्तर यायला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत भाऊजींनी दीड एकर रोवणी आटोपली आणि मला रोज रात्री फोन केला. चौथ्या दिवशी मी त्यांना 'यथावकाश' या शब्दाचा अर्थ समजावून सांगितला. मग दुसरी फेरी झाली, चेहरा दाखवून. तिसरी झाली. एका फेरीत बाईंच्या जागी आलेल्या साहेबांनी भंडारा कुठे आहे असे विचारले, आणि आमच्या भाच्याने नागपूरच्या पूर्वेला साठेक किलोमीटर, एवढेच सरळ उत्तर दिले. वरठीचा विनोद मी त्याला दोनदा पढवला होता. पोरगे ऐकत नाही. नोकरी लागली. तीन महिने संपायला नऊ दिवस उरले असताना लागली.

गेल्या महिन्यात त्या कर्जखात्यात पहिला हप्ता जमा झाला. कोणी स्लिप भरली नाही, कोणी काउंटरवर आले नाही, पडद्यावर एक ओळ वाढली एवढेच. मी तिचा छापील उतारा काढून भाऊजींसाठी ठेवला. ते पीककर्जाच्या कामाला आले तेव्हा दिला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला. मग काउंटरवर वाकून हळूच म्हणाले, "पेपरात आलं होतं जी, अमेरिकेत एका घरकर्जाच्या कंपनीनं नऊशे लोकं एका फोनवर काढून टाकले. खरं हाय काय?"

खरे होते. डिसेंबर २०२१ मधली गोष्ट. फोन नव्हे, पडद्यावरची बैठक होती, आणि ती काही मिनिटांत आटोपली होती. मी म्हणालो, "हो, झालं होतं तसं."

"आपल्या पोराले बी फोनवरच घेतलं," भाऊजी म्हणाले. "मंग फोनवरच काढतीन काय?"

मागे पाच माणसांची रांग होती. मी त्यांच्या पासबुकावर नोंद करून दिली आणि म्हटले, "भाऊजी, तुमचा विमा हप्ता भरायचा राहिला आहे. तेवढी सही करा."